आर्थर अलेक्झांडर : गाणी जगाची, गायक अनोळखी

बीटल्स ह्या इंग्रज चौकडीची पहिली लांब तबकडी १९६३ च्या मार्चमध्ये निघाली. तिच्यातलं तिसरं गाणं ‘अ‍ॅना’. जॉन लेननने ते घसा बसलेला असताना जीव ओतून म्हटलं आहे. पण गाणं त्याचं नव्हे. ते रचलं आणि आधी गायलं आर्थर अलेक्झांडर नावाच्या माणसाने. हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या कानांवर असेल. खुद्द अमेरिकेतही ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

अलेक्झांडरचा जन्म १९४० सालचा, अलाबामा राज्यातल्या शेफील्ड गावचा. टेनेसी नदीच्या काठी शेफील्ड, फ्लॉरेन्स, मसल शोल्स अशी गावे एकमेकांना खेटून वसली आहेत. बाप गिटार वाजवी. मुलगा हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलणारा पोऱ्या. तो काळा, पण गोऱ्यांचं कंट्री संगीतही त्याला मनापासून आवडे, आणि त्याच्या गळ्यात ही दोन्ही वळणं भांडण न करता नांदत.

फ्लॉरेन्सला एका औषधाच्या दुकानावरच्या माडीवर गाण्याच्या नादी लागलेली पोरं जमत. बहुतेक गोरी. तिथे अलेक्झांडरही जाऊ लागला. आता साल पाहा. १९६१ च्या मे महिन्यात ह्याच अलाबामात, अ‍ॅनिस्टन गावाबाहेर, काळ्यागोऱ्यांनी एकत्र प्रवास केला म्हणून जमावाने बस पेटवून दिली. आणि त्याच वर्षी मसल शोल्सला, तंबाखूच्या एका जुन्या वखारीत, रिक हॉल नावाच्या गोऱ्या तरुणाने ह्या काळ्या गायकाचं गाणं मुद्रित केलं. साथीला गोरीच पोरं : बासवर पटनम, पियानोवर ब्रिग्ज, ढोलांवर कॅरिगन.

गाणं होतं ‘यू बेटर मूव्ह ऑन’. त्याच्या प्रेयसीचा पूर्वीचा एक मित्र पैसेवाल्या घरचा होता. त्याला उद्देशून हे रचलेले आहे. मला ह्या गाण्यात सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती ही, की त्यात आवाज चढत नाही. दुसरा एखादा ओरडला असता, रडला असता. हा समोर बसून समजावतो : बाबा रे, तू आता इथून निघावंस हे बरं. धमकी आहे, पण अदबीची. ‘अ‍ॅना’मध्ये तर तो स्वतःच बाजूला होतो, दुसरा तुझ्यावर जास्त प्रेम करीत असेल तर जा म्हणतो, पण आपली अंगठी परत मागायला विसरत नाही! दुःखातला हा व्यवहारीपणा फार खरा आहे.

हॉल ती मुद्रित फीत घेऊन नॅशव्हिलला दारोदार हिंडला. अखेर डॉट कंपनीने गाणं घेतलं, आणि १९६२ साली ते देशाच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. मिळालेल्या पैशातून हॉलने नवा स्टुडिओ बांधला. पुढे १९६७ साली अरीथा फ्रँकलिन तिथेच गायली, आणि मसल शोल्सचं नाव झालं. पाया ज्याच्या गाण्यावर रचला तो मात्र तेव्हा तिथे नव्हता. डॉटने त्याला पुढच्या ध्वनिमुद्रणांसाठी नॅशव्हिलला नेलं होतं.

गाणी मात्र दूरवर गेली. रोलिंग स्टोन्सनी १९६४ साली ‘यू बेटर मूव्ह ऑन’ म्हटलं. बॉब डिलनने १९८८ साली ‘सॅली सू ब्राउन’ घेतलं, ते अलेक्झांडरचं १९६० चं पहिलंवहिलं गाणं. बीटल्स बीबीसीच्या रेडिओवरही त्याच्या तबकड्यांतली गाणी गात. ‘अ‍ॅना’ वाजवताना त्यांच्यातल्या हॅरिसनने मूळ तबकडीतली पियानोची नाजूक सुरावट गिटारवर तशीच उतरवून घेतली आहे. इतका आदर! पण आदराने घर चालत नाही. गाण्यांच्या मिळकतीतला फार थोडा वाटा रचनाकाराच्या हाती पडला.

१९७२ साली एक लांब तबकडी निघाली. तिच्यात ‘बर्निंग लव्ह’ आहे. एल्व्हिस प्रेस्लीने ते म्हणण्याआधी ह्याने म्हटलं होतं. १९७५ मध्ये ‘एव्हरी डे आय हॅव टू क्राय’ पंचेचाळिसाव्या जागी पोचलं. मग अलेक्झांडरने हा धंदाच सोडला. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहरी तो समाजसेवेच्या एका केंद्राची बस चालवू लागला.

१९९३ साली त्याची नवी तबकडी आली : ‘लोनली जस्ट लाइक मी’. साथीला डॅन पेन, स्पूनर ओल्डहॅम, डॉनी फ्रिट्स. म्हणजे ऐन उमेदीतल्या दिवसांतली अलाबामातलीच मंडळी, आता पन्नाशीची. आवाज जरा जाड झालेला, पण अजून चढत नाही. लोक ती वाखाणू लागले, तो पुन्हा रंगमंचावर उभा राहिला. आणि ९ जून १९९३ रोजी नॅशव्हिलला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने गेला.