उडीमागची धाव



मैदानी खेळांत लांब उडीइतका फसवा प्रकार क्वचितच आढळेल. प्रेक्षकांचे डोळे वाळूच्या हौदाकडे लागलेले असतात आणि उडीचे भवितव्य मात्र त्याआधीच ठरून गेलेले असते. सुमारे चाळीस मीटरांची धाव, जवळजवळ वीस पावले आणि शेवटी अवघ्या २० सेंटिमीटर रुंदीची फळी. अखेरून दुसऱ्या पावलाला शरीर किंचित खाली आणायचे, अखेरचे पाऊल थोडे आखूड टाकायचे आणि मिळवलेला वेग न गमावता त्याला वरची दिशा द्यायची. फळीवर पाय टेकलेला असतो तो जेमतेम सेकंदाचा आठवा हिस्सा. एकदा पाय सुटला की हवेत हातपाय कितीही हलवले तरी शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग बदलत नाही.

त्या क्षणी विचाराला अवकाश नसतो. तेथे उभी राहते ती केवळ साधना. धावणाऱ्याला स्वतःचे पाऊल दिसत नाही. ते पाहण्यासाठी मैदानाच्या कडेला कोणीतरी उभे असावे लागते आणि त्या व्यक्तीच्या पायांना फळीची ओळख असेल, तर त्या पाहण्याला निराळाच अर्थ येतो.

रॉबर्ट बॉबी जॉर्ज हे या परंपरेतील ठळक नाव. केरळमधील खेळाला वाहिलेले घराणे. विख्यात व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्ज हे त्यांचे थोरले बंधू. बॉबी स्वतः तिहेरी उडीतील राष्ट्रीय विजेते आणि शिक्षणाने यांत्रिकी अभियंते. सुखाची वाट समोर होती. त्यांनी मात्र आपली कारकीर्द बाजूला सारून अंजू या गुणी खेळाडूला घडवण्याचे काम अंगावर घेतले. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. पण मैदानावरचे गुरू-शिष्येचे नाते तसेच राहिले.

दुखापतीमुळे अंजूंना २००० च्या सिडनी ऑलिंपिकला मुकावे लागले. गुरूची कसोटी लागते ती अशाच वेळी. २००२ मध्ये बुसानच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २००३ मध्ये, जागतिक स्पर्धेपूर्वी, त्यांनी ८.९५ मीटरच्या विश्वविक्रमाचे धनी माइक पॉवेल यांच्याकडेही सराव केला. आपल्या शिष्येला अधिक जाणत्या माणसाकडे नेण्यात बॉबींना कमीपणा वाटला नाही, हे विशेष. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिस येथे ६.७० मीटर उडी मारून अंजू यांनी कांस्यपदक पटकावले. जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतील भारताचे ते पहिले पदक. पुढच्या वर्षी अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६.८३ मीटर अशी राष्ट्रीय विक्रमी उडी नोंदवली. २००३ चा द्रोणाचार्य पुरस्कार बॉबींना लाभला तो यथायोग्यच.

कथा येथेच संपली असती, तर ती एका कर्तबगार दांपत्याची कथा ठरली असती. पण ज्ञान वाहते राहिले. झाशीची शैली सिंग ही शिवणकाम करून घर चालवणाऱ्या मातेची कन्या. वयाच्या तेरा-चौदाव्या वर्षी ती या दांपत्याच्या नजरेत भरली आणि बंगळुरूला त्यांच्या छायेत आली. २०२१ मध्ये नैरोबी येथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत तिने ६.५९ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेतीची उडी होती ६.६० मीटर. अंतर केवळ एका सेंटिमीटरचे! त्या एका सेंटिमीटरसाठी पुन्हा सहस्रावधी वेळा तीच धाव धावायची, यालाच तप म्हणतात. २०२३ मध्ये बंगळुरूत तिने ६.७६ मीटरपर्यंत मजल मारली.

पालक्काडचे एस. मुरली हेही एकेकाळचे तिहेरी उडीपटू. त्यांनी पुत्राला, श्रीशंकरला, आपल्याच देखरेखीखाली वाढवले. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत श्रीशंकरने ८.०८ मीटर उडी मारून रौप्यपदक मिळवले. सुवर्णविजेत्याचीही उडी तेवढीच होती; निर्णय झाला तो दुसऱ्या क्रमांकाच्या उडीवर.

बंधू-भगिनींनो, या दोन्ही उदाहरणांचा बोध एकच आहे. खेळाडू निवृत्त होतो, त्याचे ज्ञान निवृत्त होता कामा नये. दरवर्षी आपल्या महाविद्यालयांतून कितीतरी उडीपटू बाहेर पडतात. विद्यापीठ स्पर्धेतील प्रमाणपत्र भिंतीवर लागते, नोकरी मिळते, आणि काटेरी बूट माळ्यावर जातात. पायांनी वर्षानुवर्षे कमावलेली विद्या तेथेच धूळ खात पडते. दुसरीकडे शाळेच्या मैदानावर एखादे चपळ पोर फळीच्या अलीकडे अडखळत असते आणि त्याला ‘तुझी धाव दोन पावले मागून सुरू कर’ असे सांगणारे कोणी नसते.

यासाठी मोठा निधी लागत नाही. उकरून मऊ केलेल्या वाळूचा हौद, मोजपट्टी, फावडे आणि रोज संध्याकाळी दोन तास देणारा एक माजी खेळाडू, इतकी सामग्री आरंभाला पुरेशी आहे. समाजाने अशा माणसांना शोधावे, मानाने बोलवावे आणि त्यांच्या हाती मुले सोपवावीत. पदक एका गळ्यात पडते. त्याच्यामागची धाव मात्र अनेकांनी मिळून धावायची असते.