फिल्म संपल्यावर

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



शाळेत आरोग्याची फिल्म दाखवली की मुलं खूश असतात, तास बुडतो म्हणून! आपणही अहवालात 'एक कार्यक्रम' लिहून मोकळ्या होतो. माझंही तसंच चालायचं.

एका गावात आठवीच्या मुलींना पाळीवरची फिल्म दाखवली. मुलगे मैदानावर पाठवले होते. ती शाळेची अट, आणि मी ती मान्य केली होती. फिल्ममध्ये सांगितलं, कपडा साबणाने धुवा, उन्हात वाळवा. दिवे लागल्यावर मागून एक मुलगी म्हणाली, "ताई, आमची दोरी अंगणात आहे. सगळ्यांदेखत कसा वाळत घालू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी चित्रांचे तक्तेही नेते. तक्त्यावर थांबता येतं. गर्भाशयाचं चित्र दाखवून विचारते, "हे काय असेल?" आधी मुलांना बोलू देते, मग सांगते. आणि मुलग्यांनाही बसवते. दोरीवरच्या त्या कपड्याला हसणारे तेच असतात ना!

रक्तक्षयाचंही तसंच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला, मुलग्यांपैकी ३१ टक्क्यांना. फिल्म सांगते, पालेभाज्या, कडधान्यं खा. पण घरात शेवटी कोण जेवतं, उरलंसुरलं कोण खातं, हे आपणच विचारायला हवं.

म्हणून एकच सांगणं. फिल्म वीस मिनिटांची असेल, तर शाळेकडून तास मागून घ्या. उरलेली चाळीस मिनिटं मुलांची.