गवताचा पूल आणि तुडवलेले बटाटे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'जगातील चमत्कारिक घरे, पूल आणि खाद्यपदार्थ' असा. विषय मोठा मौजेचा. पण जग केवढे आणि वेळ अर्ध्या तासाचा! तेव्हा निवड करणे आलेच.

चमत्कारिकपणा दोन जातींचा असतो. एक हौसेचा. अमेरिकेत ओहायओ राज्यात नेवार्क गावी टोपल्या करणाऱ्या एका कंपनीने १९९७ साली आपली सात मजली कचेरी हुबेहूब टोपलीच्या आकाराची बांधली. वर दोन अजस्र कड्यासुद्धा बसवल्या. २०१८ साली कंपनी बंद पडली, टोपली तेवढी मागे राहिली. हॉलंडात रॉटरडॅम शहरी पीट ब्लॉम या वास्तुशिल्पज्ञाची घरे आहेत. १९८४ साली ती पुरी झाली. ठोकळ्यासारखी चौकोनी घरे, पण कोपऱ्यावर उभी केलेली, म्हणून आतल्या भिंती सगळ्या कललेल्या. फोटोत फार छान दिसतात. मात्र कपाट कोणत्या भिंतीला टेकवायचे, हा प्रश्न इथे बसलेल्या प्रत्येकीच्या मनात आत्ताच येऊन गेला असेल.

या जातीत मला फारसे स्वारस्य नाही. पैसा असला की वाटेल ते बांधता येते. दुसरी जात गरजेची. ती वस्तू बघणाऱ्याला विचित्र वाटते, पण करणाऱ्याला त्यात विचित्र काहीच वाटत नसते. असल्या तीन वस्तू मी आज सांगणार आहे, आणि तिन्ही एकाच मुलखातल्या आहेत: दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या, म्हणजे पेरू आणि बोलिव्हिया या देशांतल्या.

आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच. तिथे ३,८०० मीटरांवर माणसे शेती करतात, संसार करतात. झाडे कमी, हवा विरळ, दिवसा ऊन रणरणते आणि रात्री पाणी गोठते. अशा ठिकाणी पीक ते कोणते? मुख्यतः बटाटा. बटाट्याचे मूळ घरच ते. आपल्याकडे तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि नावही त्यांच्याच तोंडून आपल्या तोंडी बसले. अँडीजमध्ये बटाट्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. जांभळ्या, काळ्या, वाकड्या, गाठाळ. त्यांतल्या काही इतक्या कडू की नुसत्या उकडून खाल्ल्या तर बाधतात. पण थंडीला दाद देत नाहीत त्याही याच कडू जाती! आता करायचे काय?

त्यांनी काढलेली युक्ती अशी. जून-जुलै हा तिकडे हिवाळा. या दिवसांत बटाटे उघड्या माळावर पसरून ठेवतात. रात्री ते दगडासारखे गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात. असे काही दिवस-रात्री चालले की बटाटा पिचपिचीत होतो. मग त्यांचे लहान लहान ढीग करून घरची माणसे अनवाणी पायांनी ते तुडवतात. पाणी निथळून जाते, साली सुटतात. पुन्हा उन्हात वाळवले की उरतो काळा, हलका, खडखडीत गोळा. याचे नाव चून्यो. पांढरा चून्यो हवा असेल तर गोठलेले बटाटे काही आठवडे वाहत्या ओढ्यात ठेवून मग तुडवायचे व वाळवायचे. त्याने कडूपणाही धुऊन जातो.

पायांनी तुडवलेला बटाटा म्हटल्यावर मागच्या रांगेतून "शी!" ऐकू आले. हरकत नाही. पण त्यातली खुबी बघा. पाणी गोठताना फुगते आणि बटाट्यातल्या बारीक पेशी फोडून टाकते. पेशी फुटल्या की आतले पाणी नुसत्या दाबाने बाहेर येते, आणि तिथली विरळ, कोरडी हवा बाकीचे काम करते. आज कारखान्यात यंत्रांनी कॉफी आणि फळे गोठवून वाळवतात, ती काहीशी हीच कृती. चून्यो वर्षानुवर्षे टिकतो. भिजवून रश्शात घातला की झाले. इंका राजांची कोठारे चून्योने भरलेली असत. पुढे स्पॅनिश लोक आले, पोतोसीच्या डोंगरात चांदी सापडली आणि खाणीतल्या मजुरांना हाच चून्यो घालू लागले. सिएझा दे लिओन या स्पॅनिश बखरकाराचा ग्रंथ १५५३ साली छापला गेला. त्यात तो म्हणतो की खाणीवर नुसता चून्यो नेऊन विकून कित्येक स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन मायदेशी परतले. तुडवणारे मात्र कोणी श्रीमंत झाल्याचे त्याने लिहिलेले नाही.

आणि "शी" म्हणण्याआधी आपल्या कुरडया आठवाव्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, तरी तिसऱ्या दिवशी घरभर जो आंबूस वास सुटतो तो पाहुण्याने घेतला तर तो उंबरा ओलांडणार नाही. मग वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, शिजवून सोऱ्यातून उन्हात घालायचा. एखाद्या परक्या बाईने हे सारे पाहिले तर घरी जाऊन ती काय सांगेल? आपल्या गच्चीवरचा बटाट्याचा कीस तर चून्योचा सख्खा भाऊच. तिथे थंडी मदतीला, इथे ऊन.

जाता जाता एक सांगते. आपल्या उपासाच्या ताटात बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची, राजगिरा आणि साबुदाणा असतो. साबुदाणा आपल्याकडे ज्या कंदाचा करतात तो कंद धरून ही सारी मंडळी मुळातली अमेरिका खंडातली. वरीचे तांदूळ तेवढे आपल्या बाजूचे. एकादशीला आपण जे पवित्र मानून खातो त्यातले बहुतेक पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी इथे कोणी पाहिलेही नव्हते. सासूबाईंना हे सांगायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरी वस्तू थोडक्यात सांगते. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर तितिकाका नावाचे प्रचंड सरोवर आहे. त्यात उरू लोक बेटांवर राहतात आणि ती बेटे गवताची आहेत. तोतोरा नावाचे लव्हाळे तिथे वाढते. त्याच्या मुळांचे तरंगते गठ्ठे कापून एकमेकांना बांधायचे, वर कापलेले लव्हाळे आडवे-उभे पसरायचे आणि सारे खुंट्यांना दोरांनी जखडून ठेवायचे, नाहीतर बेट वाऱ्याबरोबर निघून जायचे! घरे त्याच लव्हाळ्याची, होड्याही त्याचीच. कोवळ्या देठाचा पांढरा भाग सोलून खातातसुद्धा. पण खालून बेट सारखे कुजत असते, म्हणून वरून ताज्या लव्हाळ्याचे थर वरचेवर घालावे लागतात. आपण अंगण सारवतो, त्या भुई घालतात. ते चुकवले की पाय ओले झालेच.

आता तिसरी वस्तू, आणि मला खरे बोलायचे आहे ते हिच्याविषयी.

इंका लोकांचे रस्ते सुमारे ३०,००० किलोमीटर लांबीचे होते. लोखंड त्यांच्याजवळ नव्हते, गाडीचे चाक ते वापरीत नसत. दऱ्या मात्र भयंकर खोल. त्या ओलांडायला त्यांनी दोरांचे झुलते पूल बांधले. ते बहुतेक नाहीसे झाले. परंपरेने चालत आलेला एक पूल पेरूच्या कुस्को प्रांतात आपुरीमाक नदीवर अजून आहे. त्याचे नाव केस्वाचाका. केस्वा म्हणजे वळलेली दोरी आणि चाका म्हणजे पूल. लांबी सुमारे २८ मीटर, रुंदी जेमतेम एका माणसाला पुरेल इतकी. आणि तो सगळाच्या सगळा डोंगरातल्या रानगवताचा. गवत ते किती टिकणार? म्हणून दर वर्षी जून महिन्यात जुना पूल तोडून नदीत सोडतात आणि नवा बांधतात. नदीच्या दोन्ही अंगांची चार गावे मिळून हे काम करतात. तीन दिवस काम आणि चौथ्या दिवशी उत्सव.

काम घराघरांतून सुरू होते. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची दोरी आणायची असा नियम. गवत कापायचे, दगडाने ठेचायचे, पाण्यात भिजवून मऊ करायचे आणि दोन तळहातांत धरून वळायचे. ही बारीक दोरी वळण्याचे काम मुख्यतः बायकांचे. एक काडी बोटाने तुटते. पण पीळ बसला की काड्या एकमेकींना धरून ठेवतात. जितका ताण पडेल तितकी पकड घट्ट. वाती वळणाऱ्या हातांना हे निराळे समजावून सांगायला नको. या बारीक दोऱ्या एकत्र पिळून जाड दोर, ते दोर वेणीसारखे गुंफून मांडीएवढे सोल. त्यांतले चार पायाखाली जातात, दोन हाताशी. मग दोन्ही काठांकडून माणसे मध्याकडे विणत येतात, खाली खळाळती नदी.

पुलाच्या जागी मात्र रिवाजाप्रमाणे पुरुषच जातात. बायकांनी तिथे जाणे अशुभ, म्हणून त्या दरीच्या वरच्या अंगाला बसून दोऱ्या वळतात. पूल बांधणाऱ्या वाकबगाराला मानाचे नाव आहे, चाकारुवाक. फोटो छापून येतात ते दरीवर लोंबकळून विणणाऱ्या पुरुषांचे. त्यांचे धाडस मोठे खरे, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण फोटो पुन्हा नीट पाहिला की ध्यानात येते, तो माणूस ज्या दोरावर बसला आहे त्याचा एकेक धागा कोणा बाईच्या तळहातातून गेलेला आहे. तेव्हा निदान आपण तरी तो फोटो तसा पाहावा.

२०१३ साली युनेस्कोने या पूलबांधणीला जगाच्या अमूर्त वारशात मान दिला. येथे गंमत अशी की मान पुलाला दिलेला नाही. पूल दरसाल नदीत जातोच. मान दिला आहे तो बांधण्याच्या विद्येला आणि रीतीला.

पुढे २०२० साली महामारी आली. माणसांनी एकत्र जमायचे नाही, अशी आज्ञा झाली. आपलेही हळदीकुंकू, भजन, सारे बंद होते, ते तुम्हाला आठवतच असेल. तिकडे त्या जूनमध्ये पूल बांधला गेला नाही. जुनाच राहिला, पावसात भिजला, कुजला आणि २०२१च्या मार्चमध्ये एके दिवशी तुटून नदीवर लोंबू लागला. शतकानुशतके चालत आलेली गोष्ट, एक पाळी चुकली आणि वर्षाच्या आत पडली.

आता असे बघा, जवळच मोटारींचा पक्का पूल आहे. पलीकडे जायला गवताच्या पुलावाचून कोणाचे अडत नाही. "बरे झाले, एक कटकट गेली" असे म्हणायला त्या चार गावांना कोणी आडकाठी केली नसती. आपल्या गल्लीत नाही का, पूर्वी कुरडयांना घरोघर पाळी असे. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. दोन उन्हाळे पाळी चुकली आणि आता पाकिटे येतात. पाकिटातल्या कुरडयाही चांगल्याच तळल्या जातात, ते नाकारण्यात अर्थ नाही.

त्या गावांनी तसे म्हटले नाही. २०२१च्या जूनमध्ये घराघरांत गवत आले, दगडावर ठेचले गेले, पाण्यात भिजले. बायका दरीच्या वरच्या अंगाला आपापल्या भाऱ्यांपाशी बसल्या आणि दोऱ्या वळू लागल्या. महिना सरण्याच्या आत नव्या पुलावरून माणसे इकडून तिकडे गेली.