बंद घरातील हवा
(प्रतापनगर, बडोदे येथील व्याख्यानाचा मजकूर)



पौषातील रात्री बडोद्याचा पारा उतरू लागला की दारे-खिडक्या लावून घेणे हा मनुष्यस्वभावच आहे. थंडी बाहेर राहावी, हा त्यामागील हेतू असतो. परंतु त्याच वेळी घरातील दूषित हवाही आत कोंडली जाते, याचा विचार क्वचितच होतो.

प्रतापनगर ही रेल्वेची वस्ती. पश्चिम रेल्वेच्या बडोदे विभागाचे मुख्य कार्यालय येथेच आहे. रेल्वेच्या जुन्या निवासस्थानांत उंच छप्पर आणि त्याखाली झरोका ही रचना सर्वत्र रूढ होती. तापलेली हवा हलकी होऊन वर चढे व झरोक्यातून बाहेर पडे. तिची जागा दाराखालच्या फटीतून येणारी ताजी हवा घेई. नव्या सदनिकांत छप्पर खाली आले, खिडक्यांना सरकत्या काचा आल्या, आणि कित्येक घरांत झरोके बुजविण्यात आले.

हा प्रश्न शीत देशांना फार पूर्वीच भेडसावला. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असे प्रतिपादन केले की, राहत्या खोलीतील हवेत कार्बन डायऑक्साइड हजारात एक भागाहून अधिक असू नये. हा वायू माणसाच्या उच्छ्वासातून येतो. त्याचे प्रमाण वाढले, म्हणजे हवा पुरेशी बदलत नाही, असे समजावे.

१९७३ साली खनिज तेलाचे भाव भडकले. घर ऊबदार ठेवण्याचा खर्च परवडेना, म्हणून युरोप-अमेरिकेत घराची प्रत्येक फट बुजविण्याकडे कल झाला. इंधन वाचले, पण ओल, बुरशी, लाकडी तक्त्यांच्या डिंकातून सुटणारे फॉर्माल्डिहाइड आणि स्वयंपाकाचा धूर ही सर्व घरातच साठू लागली. यावर एक उत्तर कॅनडातील रेजायना येथे १९७७ साली उभारलेल्या प्रायोगिक घराने दिले. तेथील हिवाळ्यात पारा शून्याखाली ३० अंशांच्याही खाली जातो. या घराच्या भिंती व फटी पक्क्या बंद होत्या; परंतु हवा बदलण्यासाठी स्वतंत्र यंत्र बसविलेले होते. बाहेर जाणारी ऊबदार हवा आत येणाऱ्या थंड हवेला आपली ऊब देऊन जात असे. तात्पर्य हे की, ऊब राखणे आणि हवा बदलणे यांत विरोध नाही. मात्र हवेसाठी वाट मुद्दाम ठेवावी लागते.

बडोद्यातील अनेक मराठी आई-वडील आज मुलांकडे कॅनडा-अमेरिकेत हिवाळा काढतात. त्यांनी तेथील वायुवीजनाचे यंत्र आवाज होतो म्हणून बंद करू नये. फोडणी देताना चुलीवरील पंखा लावावा. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये मोटार चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटा वाजल्यास ती बंद करीत न बसता सर्वांनी तत्काळ बाहेर पडावे.

हा कार्बन मोनॉक्साइड आपल्याकडेही तितकाच घातक आहे. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. कोळशाची शेगडी, जिला गुजरातीत सगडी म्हणतात, ती बंद खोलीत पेटती ठेवून झोपणे म्हणजे जीव धोक्यात घालणे होय. निखाऱ्यांचा धूर दिसेनासा झाला तरी हा वायू निघतच असतो. झरोका नसलेल्या न्हाणीघरातील गॅसचा बंबही तसाच घातक. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गळून गेल्यासारखे वाटणे ही लक्षणे घरातील अनेकांना एकाच वेळी होऊ लागली, तर अपचन समजून थांबू नये. दारे-खिडक्या उघडून माणसांना मोकळ्यावर न्यावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

खेड्यातील घराची स्थिती निराळी आहे. तेथे फटी पुष्कळ असतात, पण चुलीचा धूरही पुष्कळ असतो. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील चार खेड्यांत केलेली पाहणी १९८३ साली प्रसिद्ध झाली. चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या अंगावरच मापक उपकरणे लावली असता, स्वयंपाकाच्या वेळी त्यांच्या श्वासाच्या हवेत घनमीटरमागे सरासरी सुमारे ७ मिलिग्रॅम धूलिकण आढळले. घरगुती धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेद्वारे गॅसजोडण्या देण्यात आल्या. तथापि जोडणी असूनही सिलिंडर पुन्हा भरून आणणे न परवडल्यास चूल पेटतेच, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

उपाय खर्चाचे नाहीत. खोलीत एक वाट खाली व एक समोरच्या भिंतीत वर असावी. बुजविलेला झरोका मोकळा करून त्यास जाळी लावावी. शेगडी अंगणातच पेटवावी व निजण्यापूर्वी पूर्ण विझवावी. गॅसचा बंब न्हाणीघराबाहेर बसवावा. डास निवारण्यासाठी मच्छरदाणी वापरावी. कारण एका कॉइलमधून सुमारे ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते.

शिक्षकांनी वर्गात एक साधा प्रयोग करून दाखवावा. दारे-खिडक्या लावून झरोक्याजवळ क्षणभर उदबत्ती धरावी. धूर झरोक्याकडे ओढला गेला, तर तेथून हवा बाहेर जात आहे असे समजावे. तो जागीच घुटमळला, तर वाट अपुरी आहे. हाच प्रयोग मुलांनी घरी वडीलधाऱ्यांसमवेत करावा. घरकुलांचे नकाशे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी खोल्यांची संख्या मोजताना झरोकेही मोजावेत. आणि थंडीच्या रात्री घरातील कर्त्या माणसाने कडी लावण्यापूर्वी एवढे पाहावे, की आत विस्तव राहिलेला नाही आणि झरोका उघडा आहे.