आपल्याच दगडाच्या भिंती

आम्ही मढच्या बचत गटातल्या बाया. आज आमच्या सहलीचं सांगतो.

सहल म्हटली की आमची आळंदी, नाहीतर जेजुरी. पुणं पाहिलं ते दवाखान्यापायी. यंदा मात्र गटातल्या एकीच्या लेकीनं हट्ट धरला. पोरगी नववीत आहे. दहावीनंतर तिला सायन्स घ्यायचंय. पण "सकाळच्या अंधारात पोरीला एसटीला कोण सोडणार? बिबट्या फिरतोय," असं म्हणून घरानं तो विषयच बंद केलेला. ती म्हणाली, "28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. त्या दिवशी पुणे विद्यापीठाच्या आवारातलं आयुका सगळ्यांना बघायला खुलं असतं. एकदा चला तर." दोन बैठका वाद झाला. शेवटी प्रत्येकीनं आपापले पैसे घातले आणि जीप ठरवली.

आयुका म्हणजे ग्रहताऱ्यांच्या अभ्यासाचं केंद्र. ते 1988 साली स्थापन झालं. जयंत नारळीकर सर तिथले पहिले संचालक. इमारतींची आखणी चार्ल्स कोरिया यांची. आम्हाला वाटलं होतं, काचेचा महाल असेल. बघतो तर भिंती काळ्या! खाली आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, त्यावर कडाप्पा, आणि वर गुळगुळीत ग्रॅनाइट. त्यात आभाळ दिसतं. आमच्यातल्या एका आजींनी उमेदीच्या काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडलेली. त्या भिंतीला हात लावून म्हणाल्या, "ह्यो तर आपलाच की गं!"

मधोमध पायऱ्यापायऱ्यांचा चौक आहे, देवळापुढच्या कुंडासारखा. त्याला कुंडच म्हणतात. तिथं आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. आत एक मोठा लंबक झुलतो. त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळत जाते, कारण खालची धरती फिरतेय. पुण्यात त्याची एक फेरी पुरी व्हायला तीन दिवसांहून जास्त लागतात. आजी म्हणाल्या, "म्हणजे आपण फिरत्या जात्यावरच बसलोय!"

कुंडाच्या पायरीवर टेकलो तेव्हा पोरीनं विचारलं, "चारी पुतळे पुरुषांचेच. बाई कुठाय?" आम्ही एकमेकींकडं बघत राहिलो.

उत्तर परतीच्या वाटेवर सुचलं. आपल्याच तालुक्यातल्या नाणेघाटात, याच काळ्या दगडात, सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा. दान दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांचे आकडे त्यात आहेत. देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. आर्यभटांच्या कितीतरी आधीचे! आम्ही तिथं जाऊन आलोय, पण घाट बघून, फोटो काढून परतलो. लेखापुढं उभ्या राहिलो नाही.

घरी आल्यावर बैठक घेतली. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो, म्हणजे भाड्याची अडचण नाही. अडचण आहे ती अंधाराची. तर आम्ही पाळी लावायचं ठरवलं. रोज दोघी जणी, हातात बॅटरी आणि काठी, पोरींना स्टँडवर सोडून यायचं. पोरीच्या बापानं अजून हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही. पाळ्यांचा कागद तेवढा त्यांनी दोनदा वाचला.

तुमच्या गावात अशी पोरगी असेल, तर तिला घेऊन निघा. पुणं लांब वाटलं तर आपलं खोडद जवळ आहे. तिथल्या मोठ्या दुर्बिणीपाशीही विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं.

येतो आम्ही. नमस्कार.