माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज आणि हप्ते यांवर बोलते. आज बोलायचंय माळढोकाबद्दल.

सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. नर मीटरभर उंच, वजन पंधरा किलोपर्यंत. मादी त्याहून लहान. ती घरटं बांधत नाही. पावसाळ्यात उघड्या माळावर, गवताच्या आडोशाला बहुधा एकच अंडं घालते. ते महिनाभर एकटीच उबवते, पिल्लूही एकटीच वाढवते. कुत्र्यानं तेवढं अंडं फोडलं, की सगळी मेहनत गेली. बरं, हा पक्षी खातो काय? टोळ, नाकतोडे, भुंगेरे. म्हणजे आपल्या पिकाचा राखणदारच.

पूर्वी त्याची शिकार झाली. मग माळ नांगरले गेले. आता विजेच्या तारा आल्या. त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि जड अंगामुळे पटकन वळताही येत नाही. आज देशात मोकळ्या रानात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले आहेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. तिथं अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात. पण माळच राहिले नाहीत, तर ती सोडायची कुठं?

अभयारण्यात खाजगी जमिनी आल्या, खरेदी-विक्री अडली, म्हणून लोक चिडले. ते दुखणं खरं होतं. पुढे क्षेत्र कमीही झालं. पण त्यात पक्ष्याचा काय दोष?

आता आपल्या हातातलं सांगते. पावसाळा आला की आपले गट उत्साहानं झाडं लावतात. ती बांधावर, शाळेत, ओढ्याकाठी जरूर लावा. गवताळ माळावर मात्र दाटीनं लावू नका. सावलीनं गवत मरतं, आणि या पक्ष्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. गवत गेलं तर आपल्या शेळ्या-मेंढ्या तरी काय खाणार? पावसाळ्यात कुरणाचा एक तुकडा चराईला बंद ठेवा. कुत्री मोकळी सोडू नका. जमिनीवर अंडं दिसलं तर हात न लावता मागं फिरा आणि वनरक्षकाला कळवा.

ग्रामसभेत कुणी माळाला पडीक म्हणालं, तर गप्प बसू नका. तिथं गवत आहे, आपली जनावरं आहेत, पाखरं आहेत, हे उठून सांगा. पुढच्या मासिक बैठकीत हा विषय नक्की घ्या.