मध्यरात्रीचे टपाल



दोन दूरच्या शहरांतील हवाई अंतर किती, असा प्रश्न वर्गात निघाला की बहुधा नकाशावर पट्टी ठेवली जाते. पृथ्वी गोल असल्याने लांबच्या पल्ल्याला ही पट्टी फसवते. तेथे पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरणेच इष्ट. परंतु अंतर कळले म्हणजे प्रवासास लागणारा वेळ कळला, असेही नाही. याचे उत्तम उदाहरण उमरेडपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर घडले आहे.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान निघे, मध्यरात्रीच्या सुमारास चारही नागपुरास एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि प्रत्येक विमान पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परते. चार शहरांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीत दोन्ही दिशांनी थेट विमान सोडायचे तर बारा उड्डाणे लागली असती. येथे आठांत काम भागले.

नागपूरच का, याचे उत्तर भूगोलात आहे. मुंबई ते नागपूर सुमारे ६८० आणि नागपूर ते कलकत्ता सुमारे ९८० किलोमीटर. ही बेरीज मुंबई-कलकत्ता या सरळ हवाई अंतराएवढीच भरते. दिल्ली-मद्रास मार्गाचेही तसेच. म्हणजे नागपूर या दोन्ही रेषांच्या छेदावरच वसलेले आहे. मुंबई-दिल्लीच्या पत्राला मात्र वळसा पडे. थेट सुमारे १,१५० किलोमीटरऐवजी त्याला १,५०० हून अधिक किलोमीटर जावे लागे. तरीही ते सकाळी पोहोचे, आणि रात्री पत्र कोणी वाचत नसल्याने वळशाचा तोटा कोणासच जाणवत नसे!

त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास होता. कलकत्त्याहून येण्यास सुमारे चार तास, तर मुंबईहून तीन तासांहून कमी. म्हणून सुटण्याच्या वेळा निरनिराळ्या ठेवणे भाग होते. एका विमानास उशीर झाला की उरलेल्या तिघांना एक तर थांबावे लागे, नाही तर त्याच्या थैल्या सोडून निघावे लागे. १ एप्रिल १९४९ पासून साध्या पत्रांनाही, जेथे वेळ वाचेल तेथे, जादा आकाराविना विमानाने नेण्याची योजना लागू झाली. त्यामुळे हा उशीर केवळ श्रीमंतांच्या पत्रांपुरता राहिला नाही.

खेड्याच्या दृष्टीने खरी अडचण येथेच होती. आकाशातील हजार किलोमीटर चार तासांत सरत. परंतु गावच्या पेटीतील पत्राची नागपूरची संध्याकाळची थैली चुकली, तर पुढील विमानासाठी पूर्ण एक दिवस जाई. ही सेवा १९७३ मध्ये बंद झाली. आज जेट विमान नागपूरहून दिल्लीस पावणेदोन तासांच्या आसपास पोहोचते. उमरेडच्या प्रवाशाचा रस्त्यावर आणि विमानतळावर जाणारा वेळ मात्र त्याहून अधिक भरतो.